बेचा पाढा

४ मार्च, सोमवार

ताईच्या शेडला नोटीस आली. हातात दिली नाही, दारावर चिकटवून गेले. मी कचेरीतून परतले तेव्हा ताई, मामी आणि बाकीच्या दोघी दारासमोर उभ्या होत्या आणि नोटीस काढायला कुणीच पुढे होत नव्हतं. शेवटी मीच नखाने कोपरे सोडवून ती काढली आणि मोठ्याने वाचली.

शेड पुढच्या गुरुवारी, म्हणजे १४ तारखेला, पाडणार आहेत. म्हणणं मांडायचं असेल तर मंगळवारी १२ ला सकाळी अकरा वाजता पालिकेत, खोली क्रमांक नऊमध्ये सुनावणी.

ताई माझी थोरली बहीण. घरामागच्या अंगणात तिची पत्र्याची शेड आहे, बावीस फूट लांब. तिथे चौघीजणी खुर्च्यांच्या बैठका वेताने विणतात. शाळा, दवाखाने, वाचनालयं, सगळीकडच्या फाटक्या खुर्च्या इथे येतात आणि बसण्यालायक होऊन जातात. अकरा वर्षं झाली. शेडचा परवाना दहा वर्षांचा होता, तो गेल्या वर्षी संपला. संपायच्या आधी ताईने नव्या परवान्यासाठी अर्ज दिला होता, पोचेचा शिक्का मारलेली प्रत तिच्या डब्यात आहे. उत्तर मात्र आलं नाही. तीन वेळा ती विचारायला गेली आणि तीनही वेळा "कळवू" ऐकून आली. कळवलं ते हे असं.

मामी (त्या आमच्या कुणाच्याच मामी नाहीत, सगळ्यांच्या आहेत) म्हणाल्या, "यात आपण गुन्हेगार आहोत असं लिहिलंय का?" मी म्हटलं, "बेकायदेशीर लिहिलंय." त्या म्हणाल्या, "मग तेच ना."

ताई एवढंच म्हणाली, "पंडितीणबाई, इतकी वर्षं शब्द पोसताय. आता एखाद्याला कामाला लावा." हसत म्हणाली, पण जेवताना तिने पोळीचे तुकडे केले आणि ते तसेच ताटात राहिले.

५ मार्च, मंगळवार

नोटीस घेऊन कचेरीत गेले. आमची कोशाची कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि एकशे बारा खण. प्रत्येक खणात कार्डं, प्रत्येक कार्डावर एक शब्द आणि त्याचे पर्याय. तेरा वर्षं मी त्या कार्डांवर दुसऱ्यांचे शब्द उतरवतेय, म्हणून ही वही तरी माझ्या शब्दांची असू दे असं ठरवलंय. पर्यायकोश यंदा छापायला जाणार. पहिल्या पानावर संपादक म्हणून दोन नावं असतील, एक सरांचं आणि दुसरं (अजून कुणी तोंडाने म्हटलेलं नाही, पण) माझं. वीस तारखेला समितीची बैठक आहे, तिथे ठरेल.

सरांना आम्ही मागे 'पूर्णविराम' म्हणतो. ते बोलले की त्यापुढे काही नसतं. नोटीस त्यांच्यापुढे ठेवली तर त्यांनी हातही लावला नाही. "वाचा," म्हणाले. हे खूळ वर्षभरापासून आहे. काहीही पुढे ठेवा, कार्ड असो, पत्र असो, चहावाल्याची चिठ्ठी असो, "वाचा." स्वतः डोळे मिटून, मान वर करून बसतात. मी मुकाट वाचते. थोर माणसांची थोरवी अशी दुसऱ्याच्या घशातून जाते.

वाचून झालं. सरांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "तर मग 'बेकायदेशीर'ची नोंद तुमच्याकडे. सोमवारपर्यंत. नियमांची पुस्तकं लागली तर वाचनालयातून माझ्या नावावर आणा. बाकीचं काम ठेवा बाजूला."

माझ्या बहिणीचं छप्पर जातंय आणि हा माणूस मला तोच शब्द घोटायला देतो. जखमेवर मीठ तरी लोक स्वतःच्या हाताने चोळतात, यांनी तेही मलाच चोळायला लावलं. वर उठताना त्यांनी माझा चहा स्वतःचा समजून उचलला आणि पिऊन टाकला. 

६ मार्च, बुधवार

खण उपसला. बेकायदेशीर, बेगुमान, बेमुर्वत, बेदरकार, बेलगाम, बेबंद, बेछूट, बेफाम. कायदा न मानणाऱ्याला मराठीत शब्द तरी किती. सगळी कार्डं टेबलावर ओळीने मांडली आणि मला हसूच आलं. हा तर बेचा पाढा झाला. बे एके बेकायदेशीर, बे दुणे बेगुमान.

पण एकाचं काम दुसरा करत नाही. गाडी हाकणारा बेदरकार असतो, बोलणारा बेलगाम. आरोप बेछूट, जमाव बेफाम, कारभार बेबंद. भीड न ठेवता तोंडावर नाही म्हणतो तो बेमुर्वत, आणि पर्वाच करत नाही तो बेगुमान. हे सगळं मी डोळे मिटून सांगू शकते. तेरा वर्षं काही खुर्ची उबवलेली नाही.

आणि बिचारा कायदा. लोक त्याला धाब्यावर बसवतात, गुंडाळून ठेवतात, पायदळी तुडवतात, नाहीतर थेट हातात घेतात. त्याच्याशी नीट वागणाऱ्यासाठी मात्र एकच शब्द. कायदा पाळतात. मांजर पाळतात तसा.

दुपारी ताईसाठी अर्ज लिहिला. अडीच पानं. जीव ओतून लिहिला. त्यात ताई 'कष्टाळू, उद्यमशील, श्रमनिष्ठ, कार्यतत्पर' आहे आणि कारवाई 'अन्याय्य, अनुचित, अवाजवी, अप्रस्तुत' आहे. एक शब्द दोनदा आलेला नाही. संध्याकाळी शेडमध्ये वाचून दाखवला. दोघीजणी कौतुकाने ऐकत होत्या. ताई सुंभाची गाठ दाताने ओढत म्हणाली, "छान आहे. यात शेड पाडू नका असं कुठे लिहिलंय?"

आहे, दुसऱ्या पानावर आहे. पण मलाही शोधावं लागलं.

७ मार्च, गुरुवार

अर्ज द्यायला पालिकेत गेले. खिडकीमागे जो कारकून बसतो त्याच्या ओठांत कायम टाचणी असते, बोलतानाही काढत नाही. नोटीस त्यानेच काढलेली. मी त्याच्यावर बरसायच्या तयारीने गेले होते, तर तो मला बघून ताडकन उभा राहिला.

"बाई, ओळखलं नाहीत? सहा वर्षांपूर्वी तुमच्या वर्गाला होतो मी."

मग आठवलं. सहा वर्षांपूर्वी पालिकेने आमच्या कचेरीकडून 'कार्यालयीन शब्दावली' करून घेतली होती, आणि ती कशी वापरायची हे कारकुनांना शिकवायला मी तीन दिवस जात होते. मागच्या बाकावर हा टाचणीवाला सगळं उतरवून घ्यायचा.

"तुमच्या शब्दावलीशिवाय मी एक ओळ लिहीत नाही," तो म्हणाला. खणातून पुस्तक काढून दाखवलं. खाकी कव्हर घातलंय, कडेला खुणेच्या चिठ्ठ्या. "पूर्वी आमच्या नोटिसा म्हणजे तोच तोच शब्द, दगड मारल्यासारखा. तुम्ही सांगितलंत, एका पानावर एक शब्द दोनदा आला की समजा लिहिणाऱ्याने आळस केला. तेव्हापासून मी प्रत्येक शब्दाला पर्याय शोधतो. ही ताईंची नोटीस बघा ना. एकही शब्द पुन्हा आलेला नाही."

खरंच नव्हता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. असा विद्यार्थी लाखात एक. अर्ज मात्र त्याने परत केला. "विषय स्पष्ट नाही, बाई. एका पानात द्या. माझं नाही म्हणणं, नियम आहे." आणि हळूच म्हणाला, "भाषा मात्र फार सुरेख."

ताईला सांगितलं की कारकून ओळखीचा निघाला, माझाच विद्यार्थी आहे, आपलं काम होईल. ती म्हणाली, "तुझा विद्यार्थी आहे म्हणून तर भीती वाटते." जरा लागलं मला ते.

८ मार्च, शुक्रवार

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येणार.

सकाळी वाचनालयातून पालिकेच्या बांधकाम नियमांचं पुस्तक काढून आणलं, नोंदीला आधार म्हणून. कलम सात: पूर्वी परवाना होता पण संपला आहे, किंवा अर्ज केला आहे पण निर्णय झालेला नाही, असं बांधकाम 'विनापरवाना'. अशा माणसाला परवाना घ्यायला नव्वद दिवस द्यायचे. द्यायलाच पाहिजेत, 'बंधनकारक' लिहिलंय. कलम आठ: जिथे परवाना मिळूच शकत नाही अशा जागी, नाल्यावर, रस्त्यात, दुसऱ्याच्या जमिनीत उभं केलेलं बांधकाम 'बेकायदेशीर'. ते दहा दिवसांत पाडायचं.

मी खुर्चीतून उठलेच. ताईची शेड तिच्या स्वतःच्या अंगणात आहे, परवाना होता, अर्ज केलाय, शिक्का आहे. ती धडधडीत सातमध्ये बसते. नोटिशीत शब्दच चुकीचा आहे. सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती, मी नाचायचीच तेवढी राहिले होते.

मग नोटीस पुन्हा वाचली. पहिल्या परिच्छेदात काय लिहिलंय? 'आपली शेड विनापरवाना असल्याचे आढळले.' बरोबर लिहिलंय. दुसऱ्या परिच्छेदात? 'सदर बेकायदेशीर बांधकाम पाडण्यात येईल.' तोच शब्द दोनदा नको म्हणून पर्याय घातला. आणि शब्द बदलला तसं कलम बदललं.

पर्याय कुठून घेतला ते मला बघायची गरज नव्हती. तरी शब्दावली काढली. पान एक्केचाळीस. 'विनापरवाना: बेकायदेशीर, गैरकायदा, अवैध.' माझी नोंद. मला आठवतंय मी ती केव्हा लिहिली. दुपारी छापखान्याचा माणूस येऊन बसला होता, दीडशे नोंदी राहिल्या होत्या, आणि मी खणातून हाताला लागतील ती कार्डं ओळीने उतरवली.

म्हणजे माझ्या बहिणीचं छप्पर मी काढायला घेतलंय. सहा वर्षांपूर्वी.

९ मार्च, शनिवार

ताईला सांगितलं नाही. कलम सातचं सांगितलं, ती खूश झाली. मामींनी दोनदा 'विनापरवाना' म्हणून बघितलं, जिभेला सवय व्हावी म्हणून. पान एक्केचाळीसचं सांगितलं नाही.

खरं लिहायचं तर माझा बेत ठरलाय. सुनावणीत म्हणायचं, कारकुनाने चूक केली. ते खोटं नाही. कारकुनानेच तर लिहिलं. आपल्याकडे नियमांचं पुस्तक आहे, शिक्का आहे, झालं. शब्दावलीचा विषय कशाला काढायचा? वीस तारखेला समिती बसते आहे. पर्यायकोशाच्या संपादिकेने दोन शब्दांची मोट एकत्र बांधून लोकांची घरं पाडायला दिली असं बाहेर गेलं, तर माझं नाव कुठे छापतील ते मला माहीत आहे. कुठेच नाही.

टाचणीवाल्यावर चौकशी लागेल कदाचित. त्याचं पुस्तकाला घातलेलं कव्हर सारखं डोळ्यांपुढे येतंय.

ताई म्हणाली, "काय गिळून बसलीयेस? लहानपणी बरणी फोडल्यावर अशीच बसायचीस." मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय. तिने हळद घालून दूध करून दिलं. ते साय धरेपर्यंत तसंच ठेवलं.

११ मार्च, सोमवार

सरांना सांगून टाकलं. ठरवून नाही. नोंद वाचून दाखवत होते, 'बेकायदेशीर'पाशी आले आणि कार्ड खाली ठेवलं. मग सगळंच बाहेर आलं, पान एक्केचाळीस, छापखान्याचा माणूस, सगळं.

वाटलं, आता पूर्णविराम. पण ते म्हणाले, "ती नोंद वाचा." वाचली. "पुन्हा." पुन्हा वाचली. मग म्हणाले, "समानार्थी म्हणजे काय हो?"

"ज्यांचा अर्थ समान आहे ते."

"असे दोन शब्द खरंच असते तर त्यातला एक केव्हाच मेला असता. भाषा कुणाला फुकट पोसत नाही. शेजारी असतात ते, एका भिंतीचे. आपण त्यांना एका घरात कोंबतो आणि त्याला कोश म्हणतो." मग बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले. "उद्या मी येतो सुनावणीला."

मी म्हटलं, कशाला उगाच तसदी. ते म्हणाले, "अकराला ना? दहाला निघू. मला तुमच्याबरोबरच न्या."

कशाला येतायत ते मला कळत नाही का? पालिकेसमोर कोशकचेरीचे हात झटकायला. आणि वर आणखी म्हणाले, "या खुर्चीत आता दुसरं कुणीतरी बसायला हवं." माझ्याकडे बघूनसुद्धा म्हणाले नाहीत, खिडकीकडे बघून म्हणाले. माझी खुर्ची गेली. जाऊ दे. आधी उद्याचं बघू.

१२ मार्च, मंगळवार

सगळं लिहून काढते, कारण उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

सरांबरोबर निघाले. रस्ताभर त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता, जिन्यात तर घट्ट. लोक बघत होते. एरवी हाताला हात न लावणारा माणूस, आज काय एवढा मान देतोय, का पळून जाईन अशी भीती वाटतेय, काही कळेना. प्रत्येक वळणावर "किती पायऱ्या?" विचारायचे. मी वैतागून सांगत गेले.

खोली नऊ. सुनावणी अधिकारी एक बाई, पांढरे केस, चष्मा दोरीला. त्यांच्या डाव्या हाताला टाचणीवाला, पुढ्यात फाइल आणि खाकी कव्हरचं पुस्तक. इकडे आम्ही: ताई, मामी, दोघीजणी, मी, सर. ताई बसता बसता माझ्या कानात म्हणाली, "बाईंच्या खुर्चीची वीण डावीकडे सैल झालीय. महिनाभरात बसणार खाली." मी तिला कोपराने ढोसलं.

अधिकारी बाईंनी आधी ताईला विचारलं, "तुम्ही कर्मचाऱ्यांशी मुजोरपणे वागलात असा शेरा आहे."

ताई म्हणाली, "मी फक्त म्हटलं, माझा अर्ज वाचा. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने." बाईंनी काही लिहिलं नाही.

मग मी उठले. कलम सात वाचलं, कलम आठ वाचलं, शिक्क्याची प्रत दाखवून ताईला परत दिली आणि म्हटलं, नोटिशीत दोन ठिकाणी दोन शब्द आलेत, पहिला बरोबर आहे, दुसरा चुकलाय. ठरल्याप्रमाणे सगळं नीट चाललं होतं.

बाईंनी कारकुनाकडे बघितलं. त्याने पहिल्यांदाच ओठातली टाचणी काढली. "दोन्ही शब्द एकच आहेत," म्हणाला. "छापील आधार आहे." आणि पुस्तक उघडलं, खुणेच्या चिठ्ठीवर, पान एक्केचाळीस. "ही अधिकृत शब्दावली आहे. कोशकचेरीची. मी स्वतःच्या मनाने एक अक्षर लिहीत नाही." तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता हो. मी त्याची बाजू घेईन असा भरवसा होता. त्याला वाटत होतं की आपल्या बाई आता सगळ्यांना समजावून सांगतील.

अधिकारी बाईंनी पान वाचलं. "छापील आहे खरं," म्हणाल्या. "कोशकचेरीच म्हणते दोन्ही एक, तर मी वेगळं कसं धरू?" आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी मागे बघितलं. ताईचे हात मांडीवर होते. वेताने चिरलेली बोटं, प्रत्येकाला पट्टी. ती शिक्क्याच्या प्रतीची घडी घालत होती, आता तिचं काम संपलं म्हणून.

"ती नोंद चूक आहे," मी म्हटलं. "मी लिहिली आहे. घाईत लिहिली. या कारकुनांचा काही दोष नाही, त्यांनी मी शिकवलं तेच केलं. तेही मी चूक शिकवलं."

 मामींनी तोंडाला पदर लावला. आणि मग मागून सरांचा आवाज आला, कचेरीत येतो तसा. "बाई, तिथे सही माझी आहे. शब्दावलीच्या पहिल्या पानावर बघा. माझ्या सहीने गेलं ते माझं. चूक कोशकचेरीची आहे आणि कोशकचेरी ती आत्ता, या खोलीत दुरुस्त करते आहे."

मला इतका राग आला. तेरा वर्षं माझ्या बरोबर नोंदी यांच्या नावावर गेल्या, आणि आज धीर करून एक चूक कबूल केली तर तीही यांनी घेतली. पण भांडायला वेळ नव्हता, कारण बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. "मग फरक काय, ते मला सांगा. साध्या भाषेत."

अडीच पानं लिहिणारी मी, मला एक शब्द सुचेना. मग सुचलं ते असं: "विनापरवाना माणूस दारात उभा असतो, अर्ज हातात घेऊन. बेकायदेशीर माणूस दार मोडून आत गेलेला असतो. माझी बहीण वर्षभर दारात उभी आहे. दार तुमचं आहे."

बाई कारकुनाला म्हणाल्या, "हिचा अर्ज कुठे आहे?"

तो आत गेला. दहा मिनिटं लागली. आला तेव्हा हातात ताईचा अर्ज होता, वर्षाची धूळ बसलेला, 'प्रलंबित' शेरा मारलेला. त्याने तो स्वतःच पुढे ठेवला आणि स्वतःच वाचला, शब्दन् शब्द. शेवटी म्हणाला, "हे सातमध्ये येतं, मॅडम." त्याला असं म्हणायला काय लागलं असेल ते मला माहीत होतं, कारण मी नुकतीच तिथून आले होते.

"कचेरीने दुरुस्ती लेखी द्यावी," बाई म्हणाल्या. मी तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिली. चार ओळी. सरांनी सहीसाठी हात पुढे केला तर निम्मी सही कागदावर आणि निम्मी टेबलावर. बाईंचा कपाळाला हात. मी सरांचं मनगट धरून पेन जागेवर ठेवलं तेव्हा कुठे सही झाली. एवढ्या मोठ्या प्रसंगीसुद्धा माणसाला कागदाकडे बघायचा कंटाळा.

निकाल गुरुवारपर्यंत लेखी मिळेल असं सांगितलं.  जिन्यात ताईने माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सर. मी मधे वरातीतल्या घोड्यासारखी चालत होते.

घरी आल्यावर म्हणाली, "ती बरणीही तूच फोडली होतीस ना?" मी हो म्हटलं. चाळीस वर्षांनी. ती इतकी हसली की मामी बघायला आल्या.

१३ मार्च, बुधवार

निकाल नाही.

कचेरीत सरांनी समितीला पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. 'कोशाच्या पुढील आवृत्तीत प्रत्येक नोंदीखाली शब्दांतला फरक दिला जावा. हे काम यापुढे कचेरीच्या उपसंपादिका स्वतंत्रपणे पाहतील. मी निवृत्त होत आहे.' मी लिहिता लिहिता थांबले. म्हटलं, सर, निवृत्त का? ते म्हणाले, "वाचायचा कंटाळा आला." मी म्हटलं ते तर वर्षभर बघतेच आहे. ते मोठ्याने हसले, मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही चांगलं वाचता. सगळं ऐकू येतं मला, तुम्हाला काय आवडलं नाही तेसुद्धा."

सगळं काम माझ्या गळ्यात टाकून मोकळे झाले. तरी मला रडू आलं आणि का ते कळलं नाही. जाताना त्यांना रस्ता ओलांडून दिला, आता सवयच झालीय.

शेडमध्ये आज कुणी काम केलं नाही. चौघी बसून होत्या आणि पत्र्याकडे बघत होत्या.

१४ मार्च, गुरुवार

कचेरीत गेलेच नाही. सकाळी सातपासून आम्ही पाचजणी अंगणात. ताईने तयार खुर्च्या एका ओळीत बाहेर काढून ठेवल्या होत्या, एकवीस. पाडायला आले तर निदान त्या वाचाव्यात म्हणून. मामी देवाचं नाव घेत होत्या आणि मधेच 'विनापरवाना, विनापरवाना' म्हणत होत्या.

साडेदहाला फाटकाशी टाचणीवाला आला. एकटा, पायी. गाडी नाही, माणसं नाहीत. हातात लिफाफा. कुणीच पुढे होईना, मग मीच झाले.

वाचलं. मोठ्याने वाचलं, कारण सरांनी मला दुसरं काही शिकवलं नसलं तरी ते शिकवलंय. नोटीस रद्द. शेड विनापरवाना. विनापरवाना असल्याने कलम सात लागू. विनापरवाना बांधकामास नव्वद दिवसांची मुदत. विनापरवाना बांधकामाचा प्रलंबित अर्ज पंधरा दिवसांत निकाली काढावा. आणि शेवटी, कारकुनाविरुद्ध कारवाई नाही. अर्ध्या पानात तोच शब्द चार वेळा आला. मी सहा वर्षांपूर्वी लाल शाईने खोडला असता.

ताई खुर्च्यांच्या ओळीतल्या पहिल्या खुर्चीत बसली आणि रडली. मी तिला तिचा नवरा गेला ती वेळ सोडून कधी रडताना पाहिलेलं नाही. आम्ही सगळ्याच रडलो, मग सगळ्याच हसलो, आणि टाचणीवाला तिथे उभा राहून आपल्या बुटांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, मसुदा मी केला. पर्याय घातला नाही कुठे." मी म्हटलं, "सुरेख झालाय." आणि खरंच झालाय. तेरा वर्षं मी बरोबर होते, त्याने कुणाचं काही अडलं नाही की सुटलं नाही. परवा पाच मिनिटं चुकले म्हटलं, तर या चौघींचं छप्पर जागेवर राहिलं. हे मी कुठल्या कार्डावर लिहू?

मामींनी विचारलं, "म्हणजे आता आपण नक्की कोण?"

"विनापरवाना," मी म्हटलं.

"आणि ते दुसरं?"

"ते नाही."

"मग लोकांना कसं कळणार? सगळ्या गल्लीने ती नोटीस वाचलीय."

ताईने डोळे पुसले, आत गेली आणि खुर्चीच्या पाठीची एक मोडकी फळी घेऊन आली, वर पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला. फळी माझ्या मांडीवर ठेवली. टाचणीवाल्याच्या लक्षात आलं तसा तो घाबरला. "अहो, असं लावू नका बाहेर, साहेब बघतील."

"नव्वद दिवस आहेत ना?" ताई म्हणाली. "तुमचा परवाना आला की उतरवू." मग माझ्याकडे वळली. "बारीक नको काढूस. मोठं लिही. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."